न समजण्याची तयारी

जर्मनीतल्या विद्यापीठांची हिवाळी सहामाही ऑक्टोबरमध्ये सुरू होते, आणि इकडे पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात जुलै-ऑगस्टपासूनच घराघरांत एक ठरावीक घबराट पसरते. प्रवेशपत्र आलेलं असतं. ब्लॉक खात्यात वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो भरलेले असतात, शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र फाइलमध्ये असतं, व्हिसाची तारीख मिळालेली असते. नातेवाईक पेढे खाऊन गेलेले असतात. आणि जिला जायचंय ती मुलगी रात्री दोन वाजता जागी असते. मागे वळायचं तर कर्ज काढून झालंय, पुढे जायचं तर शिकवणार जर्मनमध्ये. सगळ्या वर्गाला समजलं आणि मला एकटीलाच नाही, असं झालं तर?

मी पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे ही घबराट दरवर्षी फार जवळून बघते. बारावीनंतर श्टुडियनकोलेगला, म्हणजे विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या वर्गाला, जाणारी मुलं, जर्मनमधून पदवी घ्यायला निघालेली मुलं, नर्सिंगच्या किंवा हॉटेलच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करता करता घ्यायच्या व्यवसाय-प्रशिक्षणाला, निघालेली मुलं, सगळ्यांची भीती एकाच जातीची असते. इंग्रजीतून मास्टर्स करणाऱ्यांनीही पुढचं वाचायला हरकत नाही. त्यांचा वर्ग इंग्रजीत असेल. घरमालक, डॉक्टर आणि सरकारी कचेरी मात्र जर्मनमध्येच असणार आहे.

या मुलांना सगळे जण एकच सांगतात, "घाबरू नकोस, जमेल." हे प्रेमाने सांगितलेलं असतं, पण त्याचा उपयोग होत नाही. कारण काही दिवस खरंच जमत नाही. पहिले काही आठवडे समोरचा बोलेल त्यातलं बरंच डोक्यावरून जाणार आहे, भाषेची बी2 पातळी झालेली असो वा सी1. तेव्हा सगळं समजेल अशी आशा धरून विमानात बसू नका. समजणार नाही तेव्हा मी काय करीन, याची तयारी करून बसा. माझा सगळा भर त्या तयारीवर आहे.

आधी भीती नीट ओळखू

परक्या भाषेच्या वर्गात वाटणाऱ्या भीतीवर अभ्यास झालेला आहे. इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही भीती मोजण्यासाठी 33 विधानांची एक मोजपट्टी मांडली. तिच्यात भीतीचे तीन पदर धरले आहेत: माणसाशी बोलण्याचा धसका, परीक्षेचा धसका, आणि लोक आपल्याला कमी लेखतील हा धसका. माझ्या अनुभवात तिसरा पदर सगळ्यांत जाड असतो. शाळेत पहिल्या तिनात येणारी, वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवलेली मुलगी जर्मनमध्ये पाच वर्षांच्या पोरासारखी बोलायला लागते. डोक्यात विचार एकवीस वर्षांचा, तोंडातून निघणारं वाक्य बालवाडीतलं. आपण मठ्ठ दिसतोय ही जाणीव तिला खाते. व्याकरण चुकल्याचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

म्हणून हुशार मुलं जास्त घाबरतात, आणि जास्त गप्प बसतात. याच हॉरविट्झनी टॅमी ग्रेगरसन यांच्याबरोबर 2002 मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना त्यांच्याच मुलाखतीचं चित्रीकरण दाखवून त्यावर बोलतं केलं होतं. घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वतःकडून अपेक्षा फार कडक होत्या आणि चुकांची काळजी फार मोठी होती. वर्गात मला हेच दिसतं. वाक्य मनात पूर्ण, निर्दोष झाल्याशिवाय ही मुलं तोंड उघडत नाहीत, आणि तेवढ्यात विषय पुढे निघून जातो.

तुम्ही अशांपैकी असाल तर निघण्याआधी स्वतःशी एक गोष्ट ठरवून टाका. पहिली सहामाही मी हुशार दिसणार नाही, आणि चालेल. तिथल्या प्राध्यापकांना आणि मुलांना परदेशी विद्यार्थ्याचं मोडकं बोलणं नवं नाही. तुमचा आर्टिकल चुकला म्हणून कुणी तुमची किंमत ठरवत बसत नाही. गटातलं तुमच्या वाटणीचं काम वेळेवर झालं की नाही, याची नोंद मात्र ते नक्की घेतात.

हे तुम्ही एकदा केलेलं असू शकतं

मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीला सायन्स घेतलेल्यांनी ही परीक्षा एकदा दिलेली आहे. त्रिकोणमितीची ट्रिगोनॉमेट्री झाली, वस्तुमानाचं मास झालं, संप्लवनाचं सब्लिमेशन झालं. येत असलेलं गणितही पहिले दोन-तीन महिने परकं वाटलं. शेजारच्या बाकावरची इंग्रजी माध्यमाची मुलं भराभर उत्तरं देत होती. नंतर कधीतरी, नेमकं कधी ते आठवतही नाही, ते सगळं सरळ झालं.

त्या दिवसांकडे जरा बारकाईने बघा, कारण तुमच्या भीतीवरचं बरंच औषध तिथे आहे. तेव्हा कशाने निभावलं? धडा आदल्या रात्री घरी वाचून गेलात तर सरांचं बोलणं निम्म्याहून जास्त कळायचं. मराठी पुस्तक आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवलं की शब्द आपोआप बसायचे. शेजारच्याला "हे काय म्हणाले रे?" विचारायची सोय होती. आणि कशाने नुकसान झालं? शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसण्याने. जर्मनीत यातलं एकही बदलत नाही.

तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या विषयाचं एक जर्मन पाठ्यपुस्तक मिळवा. तिथल्या शाळेतल्या शेवटच्या दोन वर्षांचं असलं तर उत्तम. आपल्याला येत असलेलाच धडा जर्मनमध्ये वाचायचा. आशय ओळखीचा असल्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे जातं. गणिताची सूत्रं मोठ्याने वाचायला शिका, कारण फळ्यावरचं समीकरण डोळ्यांना समजतं पण प्राध्यापक ते तोंडाने कसं म्हणतात हे कुठल्याच भाषा-वर्गात शिकवत नाहीत. आणि एक महत्त्वाची गोष्ट: जर्मनमध्ये दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि हजार वेगळे दाखवायला टिंब. आपण 3.5 लिहितो ते तिथे 3,5 होतं, आणि 1.000 म्हणजे एक हजार. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हे माहीत नसेल तर भाषेच्या नव्हे, आकड्याच्या चुकीने घाम फुटतो.

मराठी बोलणाऱ्याला जर्मनमध्ये काही गोष्टी सोप्या जातात, हेही लक्षात असू द्या. तीन लिंगांची आपल्याला सवय आहे; नपुंसकलिंग हा काय प्रकार, हे इंग्रजीवरून येणाऱ्याला समजावावं लागतं, आपल्याला नाही. (शब्दांची लिंगं जुळत नाहीत, ती पाठच करावी लागतात.) गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, आपलं नेहमीच जातं. एकवीस म्हणताना आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो, जर्मनही तेच करतात. तू आणि तुम्ही यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या भेटीपासून 'डू' म्हणतात, प्राध्यापकाला आणि कचेरीतल्या माणसाला 'झी', एवढं सांगितलं की पुरतं.

प्रमाणपत्र काय सांगतं, काय सांगत नाही

गोएथे परीक्षेचं बी2 तुम्ही उत्तीर्ण झालात म्हणजे प्रत्येक भागात शंभरपैकी किमान साठ गुण मिळवलेत. हे खरं काम आहे, त्याला कमी समजू नका. पण त्या तोंडी परीक्षेत काय होतं ते आठवा. शांत खोली, आधी तयारीला वेळ, एका विषयावर छोटं भाषण, मग जोडीदाराशी चर्चा. टेस्टडाफ या दुसऱ्या परीक्षेत तर समोर माणूसच नसतो, संगणकाशी बोलायचं असतं. यात कुणी पाठीमागे रांगेत उभं नसतं, कुणी घास तोंडात ठेवून बोलत नाही, कुणी मध्येच विनोद करत नाही. बारावीला स्कोअरिंग म्हणून जर्मन घेऊन पंच्याण्णवच्या वर गुण मिळवलेल्यांना हे आणखीच लागू आहे. लिहिण्यातलं यश कानाला उपयोगी पडेलच असं नाही.

त्यामुळे तिथे गेल्यावर भाषण समजतं आणि बेकरीतली बाई काय म्हणाली ते समजत नाही, असं उलटं घडतं. यात तुमच्यात काही कमी आहे असं नाही. भाषणाचा विषय माहीत असतो, वाक्यं पूर्ण असतात. बेकरीतला प्रश्न दोन शब्दांचा, गिळलेला आणि अनपेक्षित असतो: इथे खाणार की नेणार? पावती हवी का? सुपरमार्केटच्या गल्ल्यावर पॉइंट्सचं कार्ड आहे का असं विचारतात, आणि नवखा माणूस तिथे हमखास अडतो, कारण पैशांशिवाय दुसरं काही विचारतील हे त्याच्या गावीच नसतं.

यावर उपाय सोपा आणि जरा कंटाळवाणा आहे. पहिल्या महिन्यात ज्या जागी जावंच लागणार आहे त्या जागा मोजक्या आहेत. ब्युर्गरआम्ट म्हणजे नागरिकांची सरकारी कचेरी, बँक, आरोग्य विम्याचं कार्यालय, वसतिगृहाचा व्यवस्थापक, विद्यापीठाचं विद्यार्थी कार्यालय, मेन्झा म्हणजे विद्यापीठाची खानावळ, सुपरमार्केट, डॉक्टर. प्रत्येक जागेसाठी एक पान करा. तिथे मला काय सांगायचं आहे याची तीन-चार वाक्यं, आणि त्याखाली ते मला काय विचारू शकतात याचे पाच-सहा प्रश्न. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. उदाहरणार्थ, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये पत्त्याची नोंद करावी लागते. तिथे पासपोर्ट आणि घरमालकाचं पत्र मागतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण धर्मही विचारतात, कारण तिथे नोंदणीकृत चर्चच्या सभासदांकडून चर्चचा कर घेतला जातो. हे ठाऊक नसलेल्याला प्रश्न ऐकूनही आपण चुकीचं ऐकलं असं वाटतं. ठाऊक असलेला एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो.

ही पानं मैत्रिणीबरोबर आलटून पालटून बोलून बघा. तिला मुद्दाम भराभर बोलायला सांगा, मुद्दाम पुटपुटायला सांगा. खोलीत टीव्ही चालू ठेवा.

आकड्यांवर वेगळा वेळ द्या. खोली क्रमांक, फलाट क्रमांक, तारखा, वेळा, फोन नंबर यांत झालेली चूक महागात पडते. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण भेटीच्या वेळेला माणूस तासभर उशिरा पोचतो तेव्हाच ते खरं डोक्यात शिरतं. फोनवर 'त्स्वाय' आणि 'द्राय' यांत गोंधळ होऊ नये म्हणून लोक दोनला 'त्स्वो' म्हणतात, तेही कानावर असू द्या. वेळ सांगितली की ती आकड्यांत लिहून समोरच्याला दाखवायची, ही सवय लावून घ्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

अडल्यावर म्हणायची वाक्यं

शब्दसंग्रह वाढवण्यात मुलं महिने घालवतात आणि समजलं नाही हे सांगायचं वाक्य मात्र एकच येत असतं: 'इख फेरश्टेहे निख्त', मला समजत नाही. हे वाक्य शेवटचं हत्यार म्हणून ठेवा. ते ऐकल्यावर समोरच्याला तुम्हाला काय समजलं आणि काय नाही हे कळत नाही. तो एक तर सगळं पुन्हा तसंच सांगतो, नाही तर इंग्रजीवर येतो.

त्याऐवजी जे समजलं ते आधी म्हणून दाखवा आणि जे सुटलं तेवढंच मागा. "फॉर्म सोमवारपर्यंत द्यायचा, हे कळलं. कुठे द्यायचा?" "तुम्ही दुसरा मजला म्हणालात ना? खोली कुठली?" अशा बोलण्याने तीन गोष्टी साधतात. चुकीचं ऐकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होतं. समोरच्याला छोटं, सोपं उत्तर द्यावं लागतं. आणि तुमच्या स्वतःच्या लक्षात येतं की आपल्याला बरंच समजलं होतं. भीतीला हे शेवटचं फार लागू पडतं. घाबरलेल्या माणसाला एक शब्द सुटला की सगळंच सुटलं असं वाटतं. जे समजलं ते मोठ्याने म्हटलं की तो गैरसमज टिकत नाही.

याच्या जोडीला आणखी तीन-चार वाक्यं इतकी घोटा की झोपेत उठवलं तरी यावीत. "हे लिहून द्याल का?" म्हणजे 'क्योन्टन झी दास बिट्टे आउफश्रायबन?' "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की..." याची सुरुवात 'माइनन झी' अशी. "एक मिनिट, मला शब्द आठवू द्या" हेही हवं. त्याने शांतता तुमच्या ताब्यात राहते. आणि कुणी तुमचा उच्चार ऐकून लगेच इंग्रजी सुरू केलं तर 'इख म्योख्टे गेर्न डॉइच यूबन', मला जर्मनचा सराव करायचाय, एवढं म्हणून जर्मनमध्येच चालू ठेवा. बहुतेक लोक आनंदाने परत येतात. दुकानात मागे मोठी रांग असेल तेव्हा मात्र इंग्रजी बोलून मोकळं व्हा, सरावाला दुसऱ्या जागा आहेत.

वर्गात

फोरलेझुंग, म्हणजे मोठ्या सभागृहातलं व्याख्यान, साधारण दीड तासाचं असतं. वेळापत्रकात वेळेपुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर ते सव्वाला सुरू होतं. दहा म्हणजे सव्वादहा. व्याख्यान संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोठावतात. पहिल्यांदा ऐकून दचकायला होतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

व्याख्यानात प्रत्येक शब्द पकडायला जाऊ नका. एक शब्द शोधत बसलात की पुढची तीन वाक्यं जातात. स्लाइड्स बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर ठेवलेल्या असतात. त्या आदल्या दिवशी वाचायच्या, अनोळखी शब्दांचे अर्थ समासात लिहायचे, आणि वर्गात त्यावरच खुणा करायच्या. खरं शिकणं बरेचदा यूबुंग आणि टुटोरियुममध्ये होतं. तिथे मुलं कमी असतात, उदाहरणं सोडवतात, आणि शिकवणारा बरेचदा वरच्या वर्षातला विद्यार्थी असतो. भीतीमुळे व्याख्यानाला जाऊन टुटोरियुम टाळणारी मुलं मी पाहिली आहेत. टाळायचंच झालं तर उलट करा.

प्राध्यापकांच्या भेटीची ठरलेली वेळ असते, तिला श्प्रेखश्टुंडे म्हणतात. आपल्याकडे सरांना भेटायला जाणं म्हणजे काहीतरी बिनसलंय अशी समजूत असते, तिकडे तसं नाही. पहिल्या महिन्यातच एकदा जा, नेमका एक प्रश्न लिहून घेऊन जा, आणि जर्मनमध्ये मला अजून वेळ लागतो हे सरळ सांगा. दयेची याचना करायची नाही, माहिती द्यायची आहे. विषयाच्या विद्यार्थी प्रतिनिधींची फाखशाफ्ट नावाची मंडळी जुन्या प्रश्नपत्रिकांपासून चांगल्या टुटोरपर्यंत सगळं सांगतात, आणि सहामाहीच्या आधीच्या ओळख आठवड्यात तीच भेटतात. तो आठवडा चुकवू नका. व्हिसाच्या दिरंगाईमुळे नोव्हेंबरात पोचणाऱ्या मुलांची खरी हानी व्याख्यानांपेक्षा या आठवड्याची असते, कारण गट तेव्हाच जमतात. उशीर झालाच तर पोचल्या दिवशी फाखशाफ्टला ईमेल करा.

आणि परीक्षेला स्वतः नाव नोंदवावं लागतं, ठरलेल्या मुदतीत, ऑनलाइन. वर्गात बसतोय म्हणजे परीक्षेला आहोतच, असं नसतं. ही सूचना एकदाच, भराभर दिली जाते. मुदतीची तारीख पहिल्याच आठवड्यात शोधून कॅलेंडरवर टाका.

गटातल्या कामात गप्प राहण्याचा मोह सगळ्यांत जास्त होतो, कारण जर्मन मुलं एकमेकांशी फार वेगाने बोलतात. तिथे सुरुवातीलाच एखादं ठोस काम मागून घ्या: तक्ते मी करते, हिशेब मी तपासतो, स्लाइड्सचा दुसरा भाग माझा. हातात काम असलं की बोलायला कारण मिळतं, आणि त्या कामाचे शब्द तुम्हाला आधी घोटता येतात.

कानाला लागणारी दुसरी जर्मन

वर्गात शिकलेली जर्मन प्रमाण असते, रस्त्यावरची नसते. म्युनिकमध्ये बायरिश, श्टुटगार्टकडे श्वेबिश, ड्रेस्डेनकडे झेक्सिश. पुण्याच्या पेठेत वाढलेला मुलगा पहिल्यांदा मालवणात गेला की त्याचं जे होतं, तेच इथे होतं: भाषा आपलीच, पण कान हेलपाटतो. महाराष्ट्रातल्या मुलांना हे माहीत असणं आता जास्त गरजेचं आहे, कारण 2024 मध्ये राज्य सरकारने कुशल मनुष्यबळासाठी बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केला, आणि श्वेबिशचा मुलूख तोच. आउसबिल्डुंगला जाणाऱ्यांना तर बोलीची गाठ पहिल्याच दिवशी पडते. रुग्णालयातली ऐंशी वर्षांची आजी प्रमाण भाषेत दुखणं सांगणार नाही. आपलं गाव नक्की झालं की तिथल्या स्थानिक रेडिओवरचे फोन-इन कार्यक्रम रोज थोडे ऐका. समजावं म्हणून ऐकू नका, सूर ओळखीचा व्हावा म्हणून ऐका.

प्रमाण भाषेसाठी डॉइच वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत. रोज एक ऐकायची, मग तीच मजकूर समोर ठेवून, मग मजकुराशिवाय. त्यांचीच 'निकोस वेग' ही मालिका ए1 ते बी1 पर्यंत फुकट आहे. माझी सर्वांत आवडती शिफारस मात्र 'झेंडुंग मिट डेर माउस' या लहान मुलांच्या कार्यक्रमाची. 1971 पासून तो चालू आहे. पेन्सिल कशी बनते, पूल कसा बांधतात, असं एकेक काम त्यात शांतपणे, साध्या वाक्यांत दाखवतात. अभियांत्रिकीच्या मुलाला पहिल्या वर्षी लागणारे कितीतरी शब्द त्यात सहज सापडतात. मुलांचा कार्यक्रम म्हणून लाजू नका.

आणि रोज बोला, मोठ्याने. ऐकणारं कुणी नसलं तरी. आज काय केलं हे पाच मिनिटं जर्मनमध्ये फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि त्या दिवशी ऐकू नका. महिन्याने ऐका. तेव्हा चुका ऐकताना शरम कमी वाटते आणि झालेली प्रगती कानाला कळते.

पोचल्यावर

पहिले काही आठवडे संध्याकाळी डोकं जड होईल. जेवल्या-जेवल्या झोप येईल, रविवारी दुपारपर्यंत उठवणार नाही. दिवसभर परक्या भाषेत ऐकण्याचा हा थकवा आहे, आणि त्याला आजारपण किंवा आळस समजून स्वतःला टोचू नका. संध्याकाळी सात नंतर जर्मनमध्ये काही करायचं नाही असा नियम पहिल्या महिन्यापुरता केलात तरी चालेल. जमत असेल तर पहिल्या सहामाहीत विषय थोडे कमी घ्या. नेहमीचा भार तीस क्रेडिटचा असतो. कुठला विषय पुढे ढकलता येतो हे विभागाच्या सल्लागाराला विचारा. श्टुडियनकोलेगला मात्र ही मुभा नाही, तिथे वेळापत्रक शाळेसारखं ठरलेलं असतं.

डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. आपल्या मुलांना याचा फार त्रास होतो, आणि त्याचं खापर ती भाषेवर फोडतात. दुपारी उजेड असताना बाहेर चाला, रोज.

मराठी माणसं हवीतच. म्युनिक, फ्रँकफुर्टसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती बसतो, आणि परक्या देशात पोटभर मराठी बोलायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे. फक्त चारही खोल्यांत मराठीच बोललं जाणारं घर घेतलंत तर आठवड्यातली एक जागा अशी राखा जिथे आपलं कुणी नाही. विद्यापीठाचे खेळांचे वर्ग स्वस्त असतात, टेबल टेनिसपासून गिर्यारोहणापर्यंत. भाषांचं टँडेम असतं: तुम्ही त्याला इंग्रजी किंवा मराठी द्यायची, त्याने तुम्हाला जर्मन. हाताने काही चाललेलं असलं की तोंड सैल सुटतं. म्हणून कॉफी पीत समोरासमोर बसण्यापेक्षा एकत्र स्वयंपाक करणं किंवा चेंडू खेळणं सुरुवातीला बरं पडतं.

आईबाबांनाही दोन शब्द. चार पाहुण्यांसमोर "बोल बघू जर्मनमध्ये काहीतरी" असं म्हणू नका. ज्या भीतीबद्दल आपण बोलतोय तिला यानेच खतपाणी मिळतं. फोनवर रोज "आता यायला लागलं का?" विचारू नका. आज कुठे गेली होतीस, काय खाल्लंस, कोण भेटलं, हे विचारा. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात तिच्या संध्याकाळच्या सहाला तुमचे साडेदहा वाजलेले असतात आणि तेव्हाच ती सगळ्यांत थकलेली असते. आठवड्याच्या मोठ्या गप्पा रविवारी ठेवल्या तर दोन्हीकडे बरं.

ही धाकधूक सहसा काही आठवड्यांत उतरते. ती उतरत नसेल, झोप आणि जेवण दोन-तीन आठवडे बिघडलेलंच असेल, वर्गाच्या दाराशी जाऊन परत फिरावंसं वाटत असेल, तर हे एकट्याने निस्तरायचं काम नाही. निघण्याआधीच असं होत असेल तर टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जर्मनीत विद्यापीठाच्या गावात श्टुडिरेन्डनवेर्क नावाची विद्यार्थी-कल्याण संस्था असते; मेन्झा आणि वसतिगृहं बहुतेक ठिकाणी तीच चालवते, आणि अनेक ठिकाणी मानसिक समुपदेशनही देते, बरेचदा इंग्रजीतसुद्धा. तुम्ही भरता त्या सहामाही शुल्कात तिचा वाटा असतो, तेव्हा संकोचाचं कारण नाही. भेटीची वेळ मिळायला कधीकधी बरेच दिवस जातात, म्हणून फार वाट न बघता नाव नोंदवा. बरं वाटलं तर रद्द करता येतं.